कच्चे चिलगोजे आलेत, भाजायचे आणि सोलायचे कसे?

कृष्णाकाठ

नमस्कार. जाणत्यांची मदत हवी आहे, आणि जरा लवकर हवी आहे. एक किलो चिलगोजे (हिमालयातल्या एका पाइन झाडाच्या खायच्या बिया, म्हणजे पाइन नट) आले होते, त्यातले पाव किलो मी काल वाया घालवले. उरलेल्या पाऊण किलोला हात लावायच्या आधी विचारून घेते.

माझा भाचा ऑक्टोबरात हिमाचलात किन्नौरला जाऊन आला. रिकाँग पिओच्या बाजारातून त्याने नव्या हंगामाचे, टरफलासकट कच्चे चिलगोजे आणले, ते खास माझ्या सासऱ्यांसाठी. सासरे, म्हणजे आमचे अण्णा, ग्रेफमध्ये, म्हणजे सीमेकडचे रस्ते बांधणाऱ्या दलात होते. हिंदुस्तान-तिबेट रस्त्याच्या कामावर तीनेक वर्षं पूहला काढली त्यांनी. १९७५च्या जानेवारीत तिकडे मोठा भूकंप झाला तेव्हा ते तिथेच होते. दरडींनी रस्ता बंद, वरून बर्फ, शिधा येईना. त्या दिवसांत शेजारच्या घरातली एक आजी रोज संध्याकाळी त्यांच्या तुकडीला ओंजळ ओंजळ भाजलेले चिलगोजे आणून द्यायची. शेगडीभोवती बसून ते सोलत रात्र काढायची. ही गोष्ट आमच्या घरात प्रत्येकाला पाठ आहे. चिलगोजा मात्र कोणी पाहिलेला नव्हता. इथे कराडात मिळत नाहीत, आणि पुण्या-मुंबईत मिळतात ते इतके महाग की अण्णांनी कधी घेऊ दिले नाहीत.

भाच्याने पिशवी समोर ठेवली तेव्हा अण्णांनी एक चिलगोजा उचलला आणि नाकाशी धरून बराच वेळ नुसता वास घेत राहिले. ८१ वर्षांचे आहेत.

काल मी शेंगदाणे भाजते तसे भाजायला घेतले. लोखंडी कढई, मोठी आच, दहा मिनिटं परतले. धूर निघाला, थोडे फट्‌फट् फुटले, म्हटलं झालं. फोडून पाहिले तर काही बाहेरून काळे आणि आतून चिकट, काहींचा गर तपकिरी होऊन कडू झालेला. सोलायलाही वेळ लागला. चाळीस मिनिटांत छोटी वाटी भरली नाही, आणि त्यातले निम्मे तुकडे झाले होते. अण्णांनी एक तोंडात टाकला, काही बोलले नाहीत, वाटी बाजूला सरकवली आणि म्हणाले, "राहू दे गं, दमलीस तू." ते ऐकून मला फार वाईट वाटलं.

माझे प्रश्न:

भाजायचे किती वेळ आणि कशावर? झाले हे ओळखायचं कसं? गर न मोडता सोलायची काही युक्ती आहे का? अण्णांना दोन वर्षांपूर्वी झटका येऊन गेला, डाव्या हाताच्या बोटांत जोर नाही, आणि कवळी आहे. त्यामुळे मीच सोलून वाटीत देणार आहे. आणि हे पाऊण किलो ठेवायचे कसे? आमच्याकडे हवा अजून दमट आहे.

---

कुडाळकर

ताई, चिलगोजे मी कधी भाजले नाहीत, पण काजूबिया लहानपणापासून भाजत आलोय. आमच्याकडे बी थेट विस्तवात टाकतात. टरफलातलं तेल पेट घेतं, भडका उडतो, मग राख नाहीतर माती टाकून विझवायचं आणि दगडाने फोडायचं. तसं चुलीत टाकून बघायला हरकत नसावी, हळूहळू भाजायची कटकटच नको. फक्त काजूचा चीक हाताला लागला की कातडी सोलवटते. चिलगोज्याला तसा चीक असतो का, हे आधी विचारून घ्या.

---

देवदारसावली

कृष्णाकाठ, तुमचा प्रश्न वाचला आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसले. माझे यजमान सतलजवरच्या वीज प्रकल्पावर होते. आम्ही सहा वर्षं किन्नौरात काढली, त्यातली चार कल्प्याला. पिओहून कल्प्याला चढत जाणारा रस्ता चिलगोज्याच्या जंगलातूनच जातो. घरमालकीणबाईंना सगळे अम्माजी म्हणत, मीही म्हणायचे. चिलगोजे भाजायला मी त्यांच्याकडे शिकले, आणि पहिल्या वर्षी मीही तुमच्यासारखेच करपवले होते. तेव्हा मनाला लावून घेऊ नका.

कुडाळकर, चुलीत नका टाकायला सांगू. काजूबीचं टरफल जाड असतं, ते जळेपर्यंत आतला गर सुरक्षित राहतो. चिलगोज्याचं टरफल जाड कागदाएवढं असतं. विस्तवात पडला की गर गेलाच. चीक मात्र त्याला नसतो, हाताला काही होत नाही. राळ असते ती बी ज्यात धरतं त्या शंकूला, बीला नाही.

आता नीट सांगते. भाच्याने आणलेला माल नवा आहे, म्हणजे अजून ओलसर असणार. तिकडे शंकू हिरवे असतानाच सप्टेंबर-ऑक्टोबरात उतरवतात. झाडावर उमलू दिले तर बी खाली सांडतं, नाहीतर पाखरं नेतात. पुरुष माणसं झाडावर चढतात, लांब काठीला आकडा बांधून शंकू तोडतात. मग त्यांचा ढीग घालून ठेवायचा, शंकू उमलले की काठीने बडवायचे आणि बी वेगळं करायचं. मी दोन हंगाम त्या बडवणीला बसले आहे. तळहाताला राळ अशी बसते की साबणाने ढिम्म हलत नाही, आधी मोहरीचं तेल चोळावं लागतं. सांगायचा मुद्दा, पिओच्या बाजारात ऑक्टोबरात आलेलं बी दोन-चार आठवड्यांपूर्वीच शंकूतून निघालेलं असतं. टरफल लवचीक असतं. ते दाबलं तर तडकत नाही, दबतं, आणि आतला गर चेंगरतो. तुमचे तुकडे झाले ते म्हणूनच. मोठ्या आचेवर टाकल्यावर हा ओलावा आत कोंडून राहतो, म्हणून काही फुटले आणि काही आतून चिकट राहिले.

म्हणून आधी दोन दिवस वाळवा. परातीत एका थरात पसरा आणि घरातच पंख्याखाली ठेवा. कडक उन्हात नको, तेलकट गर आहे, उन्हाने त्याची चव उतरते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एक हातात घेऊन नखाने दाबा. कट्ट आवाज आला तर वाळला, नुसता दबला तर अजून एक दिवस जाऊ द्या.

वाळवायच्या आधी निवडणंही करून घ्या. मोठ्या पातेल्यात पाणी घेऊन त्यात चिलगोजे सोडा. तरंगतील ते पोकळ किंवा सुकलेले. तळाशी बसतील ते दळदार. मिनिटभरात काढून लगेच पंच्याने कोरडे करा, भिजत ठेवू नका.

भाजणं. अम्माजी तंदुरावर भाजायच्या. तिकडे तंदूर म्हणजे घर गरम ठेवायची पत्र्याची लाकडाची शेगडी. तिच्या सपाट माथ्यावर चहाची किटली एका कडेला आणि चिलगोजे दुसऱ्या कडेला. येता-जाता हाताने फिरवायचे, अर्धा तास लागला तरी लागू द्यायचा. गॅसवर ती सावकाश, सगळीकडून लागणारी ऊब मिळवायची असेल तर मिठात भाजा. लोखंडी कढईत अर्धा किलो जाडं मीठ घ्या आणि मध्यम आचेवर सात-आठ मिनिटं तापवा. मीठ कोरडं होऊन उलथण्याखाली सळसळ वाजायला लागलं की आच अगदी बारीक करा आणि ओंजळभर चिलगोजे टाका. ओंजळभरच. १०० ग्रॅमच्या वर एका वेळी नको. हात थांबवायचा नाही, तळातलं मीठ वर, वरचं खाली असं हलवत राहायचं.

साधारण सहा-सात मिनिटं लागतात, पण घड्याळावर जाऊ नका. तीन गोष्टींकडे लक्ष ठेवा. पहिला वास येतो तो राळेचा, देवळात धूप जाळल्यासारखा. तो आला म्हणजे झाले असं नव्हे. मग तो वास मागे पडतो आणि तुपात काही परततोय असा गोडसर वास येतो. त्याच सुमारास कढईतून बारीक टिक्‌ टिक्‌ आवाज सुरू होतो, टरफलांना चिरा जातात. आता एक काढून पाटावर ठेवा, अर्धा मिनिट निवू द्या आणि फोडा. आतला गर कच्चा असताना पांढुरका आणि ओलसर दिसतो. हवा तो जुन्या हस्तिदंताच्या रंगाचा, टोकाशी जेमतेम सोनेरी. तेवढ्यावर गॅस बंद करून लगेच चाळणीने मीठ वेगळं करा. सोनेरी होईपर्यंत थांबलात तर उशीर झाला, कारण गरात निम्मं तेल आहे आणि कढईतून काढल्यावरही तो आतल्या उष्णतेने शिजत राहतो. मीठ परत वापरता येतं, फेकू नका.

गरम असताना सोलायला घेऊ नका. टरफल ठिसूळ व्हायला ते पूर्ण निवावं लागतं, पंधरा मिनिटं तरी.

आता सोलण्याबद्दल. इथे मी तुमच्या बेताशी सहमत नाही, आणि ते जरा मनापासून सांगते.

तुम्ही सोलून वाटीत देणार म्हणता. देऊ नका. किन्नौरात मी कोणाच्या घरी सोललेले चिलगोजे पाहिले नाहीत. पाहुणा आला की पुढ्यात टरफलासकट ओंजळ येते, आणि मग सगळे खाली मान घालून सोलत बोलत बसतात. एक सोलायला अर्धा मिनिट लागतो, म्हणून एक एक करून खाल्ला जातो, आणि म्हणूनच त्याची चव कळते. गप्पांमध्ये जो मध्येच थांबा येतो ना, कोणी काही न बोलता नुसतं टरफल मोडतंय, तो मला इथे पुण्यात आल्यावर सगळ्यात जास्त आठवतो. अण्णांनी पूहला पन्नास वर्षांपूर्वी जे खाल्लं ते असं खाल्लं. वाटीत दिलेला गर त्यांना गोड लागेल, पण ते त्यांचं खाणं होणार नाही.

त्यांच्या बोटांत जोर नाही हे खरं. त्यावर उपाय आहे. घरात अडकित्ता असेल तर तो घ्या. चिलगोजा हातात धरून नीट पाहा. बोटाच्या पेराएवढा लांब, एक टोक निमुळतं, दुसरं बोथट. गर निमुळत्या टोकापर्यंत पोचत नाही, तिथे किंचित जागा मोकळी असते. अडकित्त्याच्या पात्यात तेवढंच टोक धरून हलकेच दाबा, तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा उडायला हवा. टोक उडालं की तिथून टरफलाला उभी चीर सहज जाते. मग एका हाताच्या अंगठ्याने आणि तर्जनीने दाबलं तरी टरफल दोन फाकांत उघडतं. एवढं तुम्ही आधी करून ठेवा, पुढचं अण्णांना करू द्या. माझ्या आईचे हात संधिवाताने वाकले होते, तिला मी अशीच टोकं उडवून द्यायचे. संध्याकाळी टीव्हीसमोर ती वीस-पंचवीस आरामात सोलायची.

गराला वर तपकिरी पातळ पापुद्रा असतो. तो हाताने चोळला की सुटतो, नाही सुटला तरी खायला चालतो.

ठेवणं सोपं आहे. सगळे एकदम भाजू नका. टरफलासकट कच्चे चांगले टिकतात, टरफल हाच त्यांचा डबा. वाळवलेत की घट्ट झाकणाच्या बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवा, उन्हाळ्यापर्यंत निश्चिंत. लागतील तसे आठवड्याचे भाजा. सोललेला गर मात्र लवकर खवट होतो, तो काही आठवड्यांत संपवायचा, नाहीतर फ्रीझरमध्ये टाकायचा.

---

इसारतीर

देवदारसावली, तुमचा प्रतिसाद जपून ठेवलाय.

मी म्युनिकला असतो. इथे सोललेले पाइन नट मिळतात, पेस्तोसाठी आणि सॅलडसाठी. एक अनुभव सांगतो, कोणाला उपयोगी पडेल. चार वर्षांपूर्वी एका दुकानातून स्वस्त मिळाले म्हणून मोठं पाकीट आणलं आणि दोन-तीन मुठी तशाच खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी काही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा कडू लागला. मग पोळी कडू, भात कडू, पाणीसुद्धा कडू. तोंडात तांब्याचं नाणं धरल्यासारखी धातूची चव. काविळीची शंका येऊन डॉक्टरकडे गेलो. त्यांनी पहिला प्रश्न हाच विचारला, पाइन नट खाल्लेत का? हा प्रकार माहितीतला आहे. तो मुख्यतः चीनकडच्या एका पाइनच्या बियांशी जोडला जातो, त्या झाडाचं शास्त्रीय नाव पायनस आर्मांडी. खाल्ल्यावर एक-दोन दिवसांनी सुरू होतो, काही दिवस ते दोन आठवडे राहतो आणि आपोआप जातो. माझा नऊ दिवस राहिला. औषध काही नाही.

ताईंनी घाबरायचं कारण नाही, त्यांचे चिलगोजे थेट पिओहून आलेत आणि ते वेगळं झाड आहे. पण सोललेले विकत घेताना आकार बघत जा. चिलगोज्याचा गर लांब, सडपातळ. इटलीकडचा पिनोलीही लांबट, पण हस्तिदंती आणि दोन्हीकडे निमुळता. मला मिळालेले होते ते आखूड, जवळजवळ तिकोनी आणि एका टोकाला काळसर ठिपका असलेले. आणि घरात कोणाला सुक्या मेव्याची ॲलर्जी असेल तर आधी विचारून द्या, पाइन नटचीही ॲलर्जी काहींना असते.

---

कृष्णाकाठ

सगळ्यांचे आभार. देवदारसावली ताई, तुमचं उत्तर मी दोनदा वाचलं, आणि सोलून द्यायचं नाही हा भाग यजमानांना मोठ्याने वाचून दाखवला. त्यांनी लगेच माळ्यावरून सासूबाईंचा अडकित्ता काढून घासून ठेवलाय. त्या गेल्यापासून तो कोणी वापरला नव्हता.

पाण्यात टाकून निवडले. पाऊण किलोत दोन मुठी तरंगले. बाकीचे वाळताहेत.

दोन शंका. अण्णांना रक्तदाबामुळे मीठ कमी आहे, मग मिठात भाजलेले चालतील का? आणि कवळीने ते नीट चावले जातील का, घशात अडकायला नको.

---

देवदारसावली

मिठाची शंका बरोबर आहे. कोरडं मीठ टरफलावर थोडंफार चिकटतं, आत जात नाही. तरी भाजून झाल्यावर ओल्या फडक्याने टरफलं पुसून घ्या, म्हणजे बोटांवाटे तोंडात जाणार नाही. त्यापेक्षा चुरमुरेवाल्याकडची बारीक वाळू मिळाली तर ती धुऊन, वाळवून वापरा, पद्धत तीच. आमच्या शेजारच्या घरी वाळूतच भाजायचे. ओव्हन असेल तर १५० अंशावर दहा-बारा मिनिटं, एकाच थरात, मध्ये एकदा हलवून. पण ओव्हनमध्ये तो टिक्‌ टिक्‌ ऐकू येत नाही, म्हणून मला कढईच भरवशाची वाटते.

चावायला तो शेंगदाण्यापेक्षा मऊ असतो, दाताखाली लोण्यासारखा दबतो. कवळीला त्रास होऊ नये. तरी पहिल्या दिवशी समोर बसून एक एक खायला लावा, आणि दहा-पंधराच्या वर नको, पचायला जड आहे. ज्या दिवशी सोलायचं बळ नसेल त्या दिवशी सात-आठ गर खलबत्त्यात कुटून कोमट दुधात घाला. साखर लागत नाही. मिक्सर नको, तेल सुटून गोळा होतो.

आणि एक विचारायचं राहिलं. अण्णांना न्योज्याची माळ आठवते का? चिलगोज्याला किन्नौरात न्योजा म्हणतात. टरफल ओलं असतानाच सुईने ओवून माळा करतात आणि लग्नात, स्वागताला पाहुण्यांच्या गळ्यात घालतात. आम्ही कल्पा सोडलं तेव्हा अम्माजींनी माझ्या गळ्यात घातली होती. ती मी खाल्लेली नाही. देवघराशेजारी टांगलेली आहे.

---

रानवाट

धागा वाचून राहवलं नाही. मी वनस्पतिशास्त्र शिकवतो, विद्यार्थ्यांना घेऊन दोनदा किन्नौरला गेलोय. चिलगोजा पाइन, पायनस जेरार्डियाना, हे नाव कॅप्टन पॅट्रिक जेरार्ड या अधिकाऱ्यावरून पडलं. आपल्या देशात ते मुख्यतः किन्नौरात आणि चंब्याच्या पांगी खोऱ्यात आहे. बाकी पाकिस्तान आणि अफगाणिस्तानच्या कोरड्या डोंगरांत. साधारण १८०० ते ३००० मीटर उंचीवर, जिथे मोसमी पाऊस जेमतेम पोचतो तिथे ते वाढतं. खोडाची साल ढलपे ढलपे सुटून आतून राखाडी-हिरवट-रुपेरी दिसते. सतलजच्या उघड्याबोडक्या कातळात हे झाड उभं असलं की ओळखायला क्षणही लागत नाही.

शंकू पिकायला दुसरं वर्ष उजाडतं. म्हणजे ताईंच्या परातीत आज जे आहे ते आधीच्या वर्षीच झाडावर धरलं होतं. आणि जवळजवळ सगळे शंकू काढले जातात, म्हणून जमिनीवर नवं रोप फार कमी दिसतं. दोन्ही सहलींत आम्ही मुद्दाम शोधलं. म्हाताऱ्या झाडांखाली गुडघ्याएवढी रोपं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. फांद्यांसकट शंकू ओरबाडले तर पुढच्या वर्षीचे कोवळे शंकूही त्यांबरोबर जातात, तो तोटा दुहेरी. मे २०२२ मध्ये बलुचिस्तानात सुलेमान पर्वतावर आग लागून चिलगोज्याचं मोठं जंगल जळालं, ते परत उभं राहायला पिढ्या जातील. भाव चढा आहे त्याचं हे कारण आहे. मला तो भाव जास्त वाटत नाही. झाडावर चढणाऱ्या माणसाच्या हातात त्यातले किती पडतात ही माझी काळजी आहे. तुमच्या भाच्याने गावातल्या माणसाकडून घेतले असतील तर फार चांगलं केलं.

तरंगलेले दोन मुठी फेकू नका. फोडून बघा, काहींत अर्धा गर असतो.

---

कृष्णाकाठ

कळवायला दोन दिवस उशीर झाला, माफ करा.

तिसऱ्या दिवशी टरफल कट्ट वाजलं. वाळू मिळाली नाही म्हणून मिठातच भाजले, शंभर ग्रॅम. मी कढईशी आणि यजमान शेजारी कान देऊन. आधी धुपाचा वास आला, तेव्हा अण्णा आतून म्हणाले, "आता लगेच काढू नकोस." म्हणजे त्यांना माहीत होतं. मी आधी विचारलंच नव्हतं. मग आवाज सुरू झाला आणि ते काठी टेकत स्वयंपाकघरात आले, कढईत वाकून बघितलं आणि म्हणाले, "हां, बास."

चाळून, फडक्याने पुसून, निवायला ठेवले. मग सासूबाईंच्या अडकित्त्याने पंधरांची टोकं उडवली. पहिल्या दोनांत पातं जास्त खोल गेलं, गर कापला गेला. पुढचे जमले. ताई, तुम्ही म्हणालात ते खरं, टोकाशी जागा मोकळी असते, ती हाताला कळते.

ताटलीत घालून अण्णांच्या पुढ्यात ठेवले आणि मी मुद्दाम भाजी निवडायला खाली बसले, म्हणजे त्यांना मी बघतेय असं वाटायला नको. त्यांनी डावा हात ताटलीवर नुसता टेकवून ठेवला, चिलगोजा त्या हाताच्या कुशीत रोवला आणि उजव्या अंगठ्याने दाबला. पहिला निसटून गादीखाली गेला. दुसरा उघडला. दोन फाका वेगळ्या झाल्या आणि गर अख्खा निघाला. तो त्यांनी खाल्ला नाही. हात पुढे करून मला दिला.

मग बोलायला लागले. आजीची गोष्ट आम्हाला पाठ आहे म्हणाले होते ना मी, पण परवा जे सांगितलं ते कधीच सांगितलं नव्हतं. भूकंपानंतर आठवडाभर जमीन हलत होती, म्हणून ती आजी घरात झोपायची नाही, यांच्या तंबूशी शेगडीपाशी येऊन बसायची. तिला हिंदी येत नव्हतं, यांना तिची भाषा येत नव्हती. ती सोलून एक यांना द्यायची, हे सोलून एक तिला द्यायचे. माळेचं विचारलं. म्हणाले, बदलीच्या दिवशी तिने घातली होती, आणि आम्ही सगळ्यांनी रामपूरपर्यंत ट्रकमध्ये बसून ती खाऊन टाकली, तेव्हा कळलं नाही ठेवायची असते.

चौदा चिलगोज्यांना सव्वा तास लागला. माझी मेथी निवडून झाली, तरी मी उठले नाही.

भाचा पुढच्या वर्षी परत जातोय. अण्णांनी त्याला पूहमधल्या त्या घराची खूण लिहून द्यायला सांगितली आहे: नाल्याच्या वरच्या अंगाला, जर्दाळूच्या दोन झाडांमागे. कोणी पूहला जाऊन आलं असेल तर कृपया इथे लिहा, तो नाला अजून तसाच आहे का.